हवा-पाणी मिळेल : वाळवंटातलं अँबॉय आणि आपला आग्रा रोड

आग्रारोडकर (धागाकर्ता)

दोन हिवाळ्यांपूर्वी मुलाकडे लॉस एंजेलिसजवळ तीन महिने होतो. डिस्ने, वेगास, कॅन्यन सगळं रीतसर झालं. त्यावर इथे पंधरा धागे आहेत, सोळावा काढत नाही.

मला लिहायचंय एका अशा गावाबद्दल, जिथे आम्ही जेमतेम दीड तास होतो आणि जिथे उतरल्यावर सौ. म्हणाल्या, "हे बघायला एवढं पेट्रोल जाळलं?"

गावाचं नाव अँबॉय. कॅलिफोर्नियाच्या मोजावे वाळवंटात, रूट ६६ या जुन्या महामार्गावर. बार्स्टोहून आय-४० या नव्या महामार्गाने निघालो, लडलोला हमरस्ता सोडला आणि जुन्या रस्त्याला लागलो. मग पाऊणएक तास काही नाही. म्हणजे खरंच काही नाही. एका बाजूला रेल्वेचे रूळ, त्यावरून दोन मजली कंटेनर लादलेली मालगाडी, तिचे डबे मोजता मोजता नातू झोपला. उजवीकडे एक काळा शंकू दिसला, कुणी कोळशाचा ढीग ओतून वरचा शेंडा कापून टाकावा तसा. तो थंड झालेला ज्वालामुखी. आणि मग लांबून दिसली ती पाटी.

पाटी म्हणजे काय, पन्नास फूट उंच! लाल बाणाचा मोठा थोरला आकार आणि त्यावर 'रॉइज, मोटेल, कॅफे'. १९५९ साली उभारलेली. रात्री दिवे लावले की गाडीवाल्याला मैलोन्‌मैल आधी दिसावी म्हणून. पाटीखाली पेट्रोल पंप, तिरक्या छपराचं काचेचं ऑफिस, मागे पांढऱ्या खोल्यांची ओळ. खोल्यांत मुक्काम करता येत नव्हता. कॅफेत खायला काही शिजत नव्हतं. थंड पेयाच्या बाटल्या, टी-शर्ट, फ्रिजला लावायची चुंबकं. पेट्रोल बार्स्टोपेक्षा बरंच महाग. संडास म्हणाल तर बाहेर ठेवलेल्या प्लास्टिकच्या पेट्या, कारण गावाच्या जमिनीखालचं पाणी खारट, पिण्याजोगं नाही. पलीकडे बंद शाळा, मनोरा कललेलं एक चर्च, पोस्ट ऑफिस. संपलं गाव.

आता हे मी का लिहितोय. रॉय क्राउल नावाच्या माणसाने १९३८ मध्ये इथे पंप आणि दुरुस्तीचं दुकान काढलं. पुढे जावई आला, बस्टर बरिस. त्याने कॅफे, खोल्या, गॅरेज असं वाढवत नेलं. महायुद्धानंतर अमेरिका गाड्या घेऊन पश्चिमेकडे निघाली तेव्हा हे दुकान चोवीस तास चालायचं. बार्स्टोपासून विजेच्या तारा याच जावयाने स्वतः खांब रोवून आणल्या असं सांगतात. १९७३ ला आय-४० उत्तरेकडून दहा-एक मैलांवरून गेला आणि गाड्या बंद झाल्या. कमी झाल्या असं नाही. बंद झाल्या.

त्या ऑफिसच्या काचेपाशी उभा होतो आणि मला माझे मामा आठवले. मुंबई-आग्रा रोडवर, इगतपुरीच्या अलीकडे, कसारा घाट चढून आल्यावर त्यांचं दुकान होतं. पत्र्याची शेड, बाजूला सिमेंटची टाकी, आणि एका जुन्या टायरवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं 'हवा-पाणी मिळेल'. मामांचे पैसे पंक्चरचे. हवा-पाणी फुकट. पण पाण्यासाठी गाडी थांबली की ड्रायव्हर चहा घ्यायचा, चहाबरोबर भजी, आणि तेवढ्यात मामा टायरांभोवती एक फेरी मारून यायचे. "मागचा आतला गेलाय हो तुमचा." दहातला एक तरी गेलेला असायचाच.

सुट्टीत माझं काम रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं. झाकण उघडताना ओलं पोतं टाकायचं आणि तोंड बाजूला ठेवायचं. एकदा नाही ठेवलं, डाव्या मनगटावर डाग अजून आहे.

ते दुकान आता नाही. आणि गंमत म्हणजे रस्ता तिथून हलला नव्हता. तुमच्या पाहण्यात अशा जागा असतील तर लिहा.

मोगरा_७

काका, मस्त लिहिलंय. फोटो टाका ना पाटीचा.

चक्रधर

छान धागा. एक दुरुस्ती म्हणा की भर म्हणा. हे गाव रस्त्याचं नव्हेच मुळात, रेल्वेचं. १८८३ मध्ये या वाळवंटातून रेल्वेचे रूळ टाकले जात होते. वाफेच्या इंजिनाला पाणी लागणार, म्हणजे ठरावीक अंतरावर थांबे आले. थांबे आले म्हणजे नावं आली. तिथे आधी वस्ती असती तर गावाचं नाव मिळालं असतं, इथे कोण होतं? म्हणून बाराखडी लावली. अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, एडसन, फेनर, गॉफ्स, होमर. ए पासून सरळ एच पर्यंत, पुढेही. लुईस किंगमन नावाच्या इंजिनिअरचं हे काम. एडसनचं पुढे एसेक्स केलं, तेही अक्षर सांभाळून.

म्हणजे गावाला नाव मिळालं ते हजेरीपटातल्यासारखं. आपल्याकडे कुठल्याही वाडीला निदान एक म्हसोबा तरी असतो.

खडीसाखर

चक्रधर, भारी माहिती. पाणी लागतं म्हणून थांबा, आणि थांब्यावर पाणीच नाही?

चक्रधर

बरोबर पकडलंत. त्या पट्ट्यातल्या कित्येक थांब्यांना न्यूबेरीहून टाकीच्या डब्यांतून पाणी यायचं. रेल्वे स्वतःचं पाणी स्वतःच वाहून न्यायची. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी गेली तेव्हा आपल्याला केवढं नवल वाटलं होतं. तिथे तो रोजचा व्यवहार होता.

नाठाळ

थोडं थंड पाणी ओततो, रेडिएटरवर नव्हे, धाग्यावर.

या असल्या गावांबद्दल लिहिताना सगळ्यांचा गळा का दाटून येतो? दुकान होतं, गिऱ्हाईक होतं. गिऱ्हाईक गेलं, दुकान बंद. किराणा दुकान बंद पडलं तर कोणी धागा काढत नाही. रस्ता प्रवाशासाठी असतो, टपरीवाल्यासाठी नाही. कसारा घाटात पूर्वी किती ट्रक दरीत गेले, तासन्‌तास किती लोक अडकले, त्याचा हिशेब मांडा. माझी आई ॲम्ब्युलन्समधून त्या घाटात दोन तास अडकली होती, पावसाळ्यात. त्या दिवशी भजी कुठे मिळतात ते आम्ही पाहिलं नाही.

आणि काका, मामा पंक्चर 'शोधून' काढायचे की करून द्यायचे?

आग्रारोडकर

नाठाळ, आईंचं वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं खोडत नाही.

मामांबद्दल : खिळे टाकणारे होते त्या रस्त्यावर, नाही म्हणत नाही. मामा त्यातले नव्हते. आता भाचा दुसरं काय सांगणार म्हणा.

पण मुद्दा थोडा वेगळा आहे. मामांचं दुकान रस्त्याने नाही मारलं, गाड्यांनी मारलं. चौपदरी व्हायच्या कितीतरी आधी. पूर्वी घाट चढून आलेला प्रत्येक ट्रक, प्रत्येक एसटी आणि ॲम्बॅसडर तापलेली असायची. पाणी पाजल्याशिवाय पुढे जायची सोय नाही. मग इंजिनं सुधारली, कूलंट आलं, ट्यूबलेस टायर आले. गाडी घाट चढली आणि मामांच्या समोरून तशीच पुढे गेली. मामा टाकी रोज भरून ठेवायचे. संध्याकाळी तीच टाकी झाडांना. शेडमागे पपई काय फोफावली होती!

अँबॉयचं दुकान चाललं तेही पाणी तापायचं म्हणूनच. तिथेही गाड्यांच्या पुढे कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगलेली असायची. जुन्या फोटोंत दिसते. बघितल्याबरोबर ओळखली मी. छागल!

घाटमाथ्यावरून

छागल! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आमच्या वडिलांच्या जीपला असायची. कॅनव्हास पाझरतं, वारा लागतो, पाणी गार. माठाचंच तंत्र, फक्त चालत्या गाडीवर. त्या पाण्याला कापडाचा एक वास यायचा, तो बिसलेरीला येणं शक्य नाही.

मोगरा_७

छागल म्हणजे पैंजण ना?

घाटमाथ्यावरून

ते हिंदी गाण्यातलं, ताई. इथे पिशवी.

वाळवंटी_उंट

फिनिक्समध्ये राहतो, मूळ पंचवटी. या रस्त्यावर बऱ्याचदा गेलोय, म्हणून थोडं.

रूट ६६ अधिकृत झाला ११ नोव्हेंबर १९२६ ला. शिकागो ते सांता मोनिका, साधारण ३,९४० किलोमीटर. १९३० च्या दशकात ओक्लाहोमाकडची दुष्काळात आणि धुळीच्या वादळांत बुडालेली शेतकरी कुटुंबं खाटलं-भांडं टपावर बांधून याच रस्त्याने कॅलिफोर्नियात आली. तेव्हा अँबॉयसारखा थांबा म्हणजे चैन नव्हती. जुलैत तिथे पारा ४५ च्या वर सहज जातो आणि त्या काळच्या गाड्यांना ते झेपत नसे.

१९५६ मध्ये आयझेनहॉवरच्या वेळी आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि मग एकेका गावाला बगल मिळत गेली. शेवटचं गाव ॲरिझोनातलं विल्यम्स, १९८४. पुढच्या वर्षी, १९८५ मध्ये, रूट ६६ हा क्रमांकच सरकारने काढून घेतला. कागदोपत्री रस्ता संपला.

पण नाठाळ यांना एक उदाहरण द्यायचंय. ॲरिझोनातच सेलिग्मन नावाचं गाव आहे. २२ सप्टेंबर १९७८ ला तिथे बगल रस्ता सुरू झाला. तिथला न्हावी, एंजल डेलगाडिलो. खुर्ची, वस्तरा, आरसा, आणि समोरचा रस्ता रिकामा. नऊ-दहा वर्षं सोसल्यावर १९८७ मध्ये त्याने गावोगावच्या लोकांना गोळा करून संघटना काढली आणि राज्य सरकारला तो पट्टा 'ऐतिहासिक रस्ता' म्हणून जाहीर करायला लावला. आज तिथे बस भरभरून लोक येतात. मी त्याच्या दुकानात जाऊन आलोय. तेव्हा दुकान बंद पडलं म्हणून गप्प बसायचं की नाही, हे थोडं दुकानदारावरही असतं.

नाठाळ

म्हणजे माझंच म्हणणं झालं ना. गिऱ्हाईक नाही तर नवीन माल आणा. त्याने आठवणी विकल्या.

वाळवंटी_उंट

विकल्या, पण गाव जगलं. अँबॉयला न्हावी नव्हता.

सिन्नरचा_बंड्या

अँबॉयला न्हावी नव्हता 😂 हे आमच्या ग्रुपवर टाकू का?

कातळकाळा

भूगर्भशास्त्र शिकवतो, त्यामुळे 'कोळशाचा ढीग' वाचून हात शिवशिवले.

तो अँबॉय क्रेटर. २५० फूट उंच, सुमारे दीड हजार फूट रुंद. १९७३ मध्ये त्याला राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा मिळाला. योगायोग बघा, ज्या वर्षी रस्त्याने गावाकडे पाठ फिरवली त्याच वर्षी. याला राखेचा शंकू म्हणतात. लाव्हारस वायूच्या जोराने उडतो, हवेतच त्याचे जाळीदार दगड होतात आणि तोंडाभोवती पडून ढीग साचतो. बाजूला काळा लाव्हा पसरलेला आहे.

आपल्याकडे बसाल्ट म्हणजे बसाल्टच, पण जात वेगळी. ब्रह्मगिरी, अंकाई-टंकाई, सप्तशृंग हे सगळे ६.६ कोटी वर्षांच्या आसपासच्या लाव्ह्याच्या थरांतून झीज होऊन उरलेले. तो लाव्हा भेगांमधून वाहिला, असा शंकू करून नव्हे. आपले डोंगर म्हणजे जे वाहून गेलं नाही ते, आणि तिथला शंकू म्हणजे जे येऊन साचलं ते. पोरांना वर्गात हे सांगतो तेव्हा शेवटचा बाक उठतो. नाहीतर झोपलेलाच असतो.

आणि गावाच्या दक्षिणेला ब्रिस्टल ड्राय लेक आहे ना, कोरडा तलाव? तिथे चर खणून खारं पाणी गोळा करतात, ते उन्हात आटवून मीठ आणि कॅल्शियम क्लोराइड काढतात. कॅल्शियम क्लोराइडचा एक मोठा उपयोग काय? कच्च्या रस्त्यांवरची धूळ बसवणे आणि पक्क्या रस्त्यांवरचा बर्फ वितळवणे.

खडीसाखर

म्हणजे गावाला रस्त्याने सोडलं तरी गावाने रस्ता सोडला नाही. अरे काय हे!

कातळकाळा सर, पाऊस किती पडतो तिथे?

कातळकाळा

विचारलंत म्हणून. अँबॉयच्या जवळच पश्चिमेला बगदाद नावाचा थांबा होता. आता तिथे जवळपास काही उरलेलं नाही. त्या बगदादला ३ ऑक्टोबर १९१२ ते ८ नोव्हेंबर १९१४ असे सलग ७६७ दिवस पाऊस पडला नाही. अमेरिकेतला विक्रम आहे. मध्ये दोन उन्हाळे आले आणि गेले.

सिन्नरचा_बंड्या

आमच्याकडे पूर्व भागात विचारा सर. विक्रम नाही, पण सराव भरपूर.

माई

मी फक्त वाचते इथे, पण आज लिहिते.

मामांचं दुकान वाचलं आणि ७२ चा दुष्काळ आठवला. मी तेव्हा लहान होते. सिन्नरच्या बाजूला आमचं गाव. विहिरी आटल्या, जनावरं विकली. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रस्त्याचंच काम होतं. डोक्यावर पदर, हातात छोटा हातोडा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. संध्याकाळी पेटीने माप घ्यायचे, पेटी भरली तर मजुरी. दुपारी सुकडी मिळायची, ती आई खायची नाही, पदरात बांधून आमच्यासाठी आणायची.

तो रस्ता अजून आहे. वरून चारदा डांबर पडलं असेल. तिकडून जाताना मी नातवंडांना सांगते, याच्या खाली तुमच्या पणजीची खडी आहे. ती मोबाइलमधून मान वर करत नाहीत, पण सांगते.

आग्रारोडकर

माई, लिहीत जा हो.

घाटमाथ्यावरून

माईंनंतर काही लिहावंसं वाटत नाही, तरी इगतपुरीकर म्हणून लिहितो.

आमचं गावही असंच, थांबण्यावर उभं राहिलेलं. १८६५ मध्ये थळ घाटातून, म्हणजे कसारा घाटातूनच, रेल्वे वर आली. कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावायची, इगतपुरीला काढायची. वाफेची इंजिनं असताना पाणी, कोळसा, सगळं इथेच. नंतर मुंबईकडून डीसी वीज आणि पुढे एसी, म्हणून इथे इंजिन बदलायचं. गाडी वीस-वीस मिनिटं उभी. तेवढ्या वेळात वडापाव, चिक्की, पेरू, चहा, सगळं गाव फलाटावर विकलं जायचं. मग सगळीकडे एसी झालं. मागची ती जादा (बँकर) इंजिनं अजून लागतात, पण पूर्वीसारखं तिष्ठणं राहिलं नाही. दोन मिनिटांत उतरून वडापाव घेण्याची हिंमत पोराटोरांतच असते.

रस्त्याचं सांगायचं तर ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला, इगतपुरी ते आमणे. आता नागपूर ते ठाण्याजवळ सलग ७०१ किलोमीटर. कसारा घाट खालूनच, जवळपास आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून. बोगद्यात शिरताना पावसाळी ढग आणि बाहेर आलं की कोकण. मध्ये घाट होता हे कळतही नाही. मी स्वतः त्याच रस्त्याने जातो. खोटं कशाला बोलू.

घाटनदेवीपाशी मात्र जुन्या रस्त्याने येणारा ट्रक अजून थांबतो. नारळ फुटतो, कापूर लागतो. तिथली हार-फुलांची दुकानं चालतात. इंजिन तापो न तापो.

नाठाळ

घाटनदेवीचं पटलं. सक्तीने थांबणारं गिऱ्हाईक आणि आपणहून थांबणारं गिऱ्हाईक, यांत फरक आहे. हे मी आधी म्हणायला हवं होतं.

चक्रधर

बोगद्यावरून आठवलं. हे वाचून कोणी माझी थट्टा करू नका, सगळं कागदोपत्री आहे.

१९६३ मध्ये आय-४० ची आखणी चालू होती तेव्हा अँबॉयच्या उत्तरेला ब्रिस्टल पर्वतरांग आडवी होती. सांता फे रेल्वेलाही तिथून सरळ मार्ग हवा होता. मग एक प्रस्ताव आला : प्रकल्प कॅरीऑल. डोंगर फोडायला २२ अणुबॉम्ब! एका ओळीत पुरायचे, उडवायचे आणि तयार झालेल्या खिंडीतून रस्ता आणि रूळ दोन्ही न्यायचे. अणुस्फोटांचा शांततेसाठी वापर करायचा म्हणून अमेरिकेत 'प्लाउशेअर' नावाचा कार्यक्रम चालू होता, त्यातलं हे. राज्याचं महामार्ग खातं, रेल्वे आणि अणुऊर्जा आयोग यांनी मिळून रीतसर अभ्यास केला होता.

सिन्नरचा_बंड्या

बावीस???

मोगरा_७

मोहदरी घाट रुंद करायला सुरुंग लावायचे तर वाहतूक थांबवून पोलीस उभे राहायचे हो...

चक्रधर

शेवटी ते बारगळलं आणि नेहमीच्या पद्धतीने डोंगर कापून रस्ता झाला. म्हणजे रॉइजला गिऱ्हाईक मिळणं बंद झालं ते साध्या सुरुंगांनी. नाहीतर किरणोत्सर्गी पाटी बघायला गेले असते काका.

खडीसाखर

आता गावाचा मालक कोण आहे? की सरकारजमा?

वाळवंटी_उंट

बरिस कुटुंबाकडून २००५ मध्ये अल्बर्ट ओकुरा यांनी गाव विकत घेतलं. दक्षिण कॅलिफोर्नियात भाजलेल्या कोंबडीची त्यांची उपाहारगृहं आहेत, 'हुआन पोयो'. किंमत सव्वाचार लाख डॉलर. अख्खं गाव, पाटीसकट. या गृहस्थांना असल्या जागांचा नाद होता. सॅन बर्नार्डिनोमधली मॅकडॉनल्ड्सची पहिली जागाही त्यांनीच घेऊन तिथे संग्रहालय केलं. २००८ ला अँबॉयचा पंप पुन्हा सुरू केला, २०१९ च्या नोव्हेंबरात पाटीचे दिवे पुन्हा लागले. २०२३ च्या जानेवारीत ते गेले. आता मुलगा बघतो.

सिन्नरचा_बंड्या

सव्वाचार लाख डॉलर म्हणजे साडेतीन कोटींच्या वर. गंगापूर रोडला या पैशात बंगला शोधा जरा. ज्वालामुखी तर सोडाच, पार्किंगही नाही मिळणार.

आग्रारोडकर

बंड्या 😄

एक सांगायचं राहिलं. अँबॉयच्या आसपास रस्त्याकडेने मातीचा लांबच लांब बांध आहे. त्यावर येणारे-जाणारे दगड मांडून नावं लिहितात. काळे, पांढरे, लाल दगड. मैलोन्‌मैल नावं. जोडप्यांची, मुलांची, गावांची. काही इतकी जुनी की अक्षरं बसत चाललीत.

आम्हीही लिहिलं. म्हणजे नातवाने हट्ट धरला. मी काळे दगड वेचले, मुलाने लांबून अंतर बघितलं, आणि वाद सुरू झाला. मी म्हटलं 'नाशिक' लिहू. सौ. म्हणाल्या, 'नासिक' लिहा, श च्या गाठीला दगड पुरणार नाहीत आणि तुमची कंबरही. शेवटी नासिक. माझे वडील कायम नासिकच लिहायचे, तेव्हा तेही समाधान. शिरोरेघ द्यायला सगळ्यात जास्त दगड लागले. इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं सोपं असतं, अक्षरं सुटी टाकली की झालं. आमची शिरोरेघ जवळपास चौदा फूट झाली. पहिली वेलांटी नातवाने चुकीच्या बाजूला लावली होती, ती उचलून परत लावली.

कातळकाळा

काका, तो सगळा भाग २०१६ पासून मोजावे ट्रेल्स राष्ट्रीय स्मारकात आहे. दगड हलवायचे नसतात.

आग्रारोडकर

क्रेटरला हात लावला नाही, सर. रस्त्याकडेचे सुटे दगड. पण मुद्दा मान्य.

नाठाळ

नासिक की नाशिक यावर आता दोनशे प्रतिसाद येणार. मी निघतो.

शब्दवेडी

नासिक्य वरून आलंय, त्यामुळे 'नासिक' हेच...

सिन्नरचा_बंड्या

आलंच बघा.

*(मधले ४१ प्रतिसाद संपादकांनी 'नासिक की नाशिक' या वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)*

प्रवासी_पाऊल

धागा आज वाचला. पुढच्या महिन्यात लॉस एंजेलिस ते ग्रँड कॅन्यन जाणार आहोत. मुलगा पाच वर्षांचा. अँबॉयवरून जावं का?

वाळवंटी_उंट

उन्हाळा नसेल तर जरूर जा. बार्स्टोला टाकी फुल करा, पाणी माणशी निदान चार लिटर. फोनला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून ठेवा. जुन्या रस्त्यावर ओढ्यांवरचे लाकडी पूल आहेत, १९३० च्या सुमाराचे. पुराने त्यातले काही खराब झालेत, त्यामुळे अँबॉयच्या पूर्वेचा काही भाग बंद असतो. निघायच्या आधी काउंटीच्या संकेतस्थळावर बघा. तो बंद असेल तर केलबेकर रोडने परत आय-४० ला लागा. अँबॉयच्या थोडं पूर्वेला वाळवंटात दोन चिनी संगमरवरी सिंह बसवलेले आहेत, २०१३ मध्ये अचानक उगवले. तेही मुलाला दाखवा.

आणि काकांनी लिहिलेला तो बांध नावं लिहायला घातलेला नाही बरं का. वाळवंटात पाऊस पडला की पाणी एकदम येतं. ते रस्त्यावर न येता वळून पुलाखाली जावं म्हणून तो घातलाय.

प्रवासी_पाऊल

धन्यवाद! काकांचं नाव दिसलं तर फोटो टाकते.

प्रवासी_पाऊल

काल जाऊन आलो. पाटी बंद होती, दुपारची वेळ. मुलाला सिंह आवडले, गाव नाही आवडलं. त्याने पंपावर आइस्क्रीम मागितलं आणि मिळालं नाही.

काका, तुमचं नाव सापडलं. पाटीपासून पाच-सहा मिनिटांवर, डाव्या हाताला. शिरोरेघेवरून ओळखलं. पण मध्ये पाणी आलेलं दिसतंय, 'ना' वाहून गेलाय. नुसतं 'सिक' उरलं होतं. नवरा गाडीतूनच ओरडला, कोण आजारी आहे म्हणून.

आग्रारोडकर

अरेरे. तसंच राहू दिलं का?

प्रवासी_पाऊल

नाही हो. आम्ही देवळाली कॅम्पचे. 'ना' लावूनच निघालो. काळे दगड कमी पडले म्हणून काना लाल दगडांचा आहे.